झारीखालची वाळू

"झारी पाझरली! दर्या उठला हो!"

नदीकाठच्या पत्र्याच्या मंडपातून ही आरोळी आली, की कनेरगाव नाक्यावरची माणसे हातातले काम टाकून धावत सुटत. कुणाचा एकच बैल जुंपून झालेला असे, कुणाच्या तोंडात अर्धी विडी. पाच मिनिटांत मंडपात पाय ठेवायला जागा उरत नसे.

आता गंमत पाहा. समुद्र इथून दीडशे कोसांवर. त्या गर्दीतल्या एकाही माणसाने तो पाहिलेला नव्हता. पैनगंगा दुथडी भरली की तिलाच 'समिंदर' म्हणणारी ही माणसे. पण सेहेचाळीस सालच्या कार्तिकात याच माणसांना रत्नागिरीला लाटा केवढ्या आहेत, मालवणला वारा कुठून वाहतो आणि होड्या पाण्यात लोटाव्यात की नाहीत, याची खबर ऐकल्याशिवाय घास गोड लागत नव्हता. होडी एकाच्याही दारात नव्हती.

खबर देणारे होते दर्यागिरी महाराज. बारा वर्षे गळ्याइतक्या समुद्रात उभे राहून तप केले, असे ते स्वतःच सांगत. मंडपात मातीचा कंबरभर उंच ओटा, ओट्यावर समुद्राची म्हणून वाळू पसरलेली आणि वाळूत पितळेची एक पोट सुटलेली झारी. तिचे तोंड लाखेने बंद केलेले. उघडी होती ती फक्त तोटी, बगळ्याच्या मानेसारखी वर गेलेली. समुद्र शांत असला की झारी कोरडी. समुद्र खवळला की कुणी हात न लावता पाणी तोटीतून वर चढे आणि टप टप गळू लागे. पाणी कधी वर चढते का हो? इथे चढत होते, आणि ते मीही माझ्या डोळ्यांनी पाहिले होते.

झारी गळू लागली की महाराज डोळे मिटून हात वर करीत. "दर्या हमारा बाप, लहर हमारी माय! दर्या की जो सुने उसे काहेकी हायहाय! रत्नागिरी बंदर, खवळलेला! मालवण बंदर, खवळलेला! वेंगुर्लें, अति खवळलेला! वादळ वायव्येकडे सरकण्याचा संभव आहे!" लोक हात जोडून 'संभव आहे' सुद्धा मंत्रासारखे पुटपुटत.

यात लोकांचे काय अडले होते? अडले होते. कार्तिकात इकडे कापूस फुटून पांढराशुभ्र उभा असतो, ज्वारीची कणसे खळ्यावर पडलेली असतात. अशात समुद्रावरून भरकटलेले एखादे आभाळ येऊन बरसले, की कापूस मातीत जातो आणि ज्वारी काळी पडते. आदल्या वर्षी झारी पाझरली आणि चौथ्या दिवशी खरेच पाऊस पडला. उकंडराव पाटलांनी महाराजांच्या सांगण्यावरून कापूस आदल्या संध्याकाळीच घरात घेतला होता, तो वाचला. पाटलांनी पत्र्याचा मंडप बांधून दिला. त्या हंगामात झारी एकंदर सहा वेळा पाझरली होती. पाच वेळा थेंबही पडला नाही. पण ते पाच वेळचे कुणी गाठ मारून ठेवले नाही, लोकांच्या ध्यानात राहिले ते एकदाचे.

महाराज पैशाला शिवत नसत, याचे लोकांना भारी कौतुक. कुणी ज्वारी देई, कुणी कापूस. मेंढरं घेऊन शेताशेतांतून फिरणाऱ्या गरीब मंडळींकडून तर ते दर सोमवारी फक्त टोपलीभर वाळलेल्या लेंड्या घेत. मंडपामागच्या तुळशीला खत म्हणून. तुळस एक आणि टोपल्या चार. एवढ्या खतावर ती वडाएवढी व्हायला हवी होती, पण ती आपली वीतभरच. हे मला दिसत होते. मी त्याचा विचार केला नाही. शहाणपण माझेही तेवढ्यापुरतेच.

मी मोहनसिंग, नाक्यावरचा करोडगिरीचा मुन्शी. वऱ्हाडातून निजामाच्या हद्दीत येणारा माल उघडून पाहायचा आणि त्यावर जकात घ्यायची, हे माझे काम. वाशीमहून सकाळी कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार येई आणि दुपारच्या आत परत जाई. तिच्यात दर दोन दिवसांनी एक विड्याच्या पानांचा गठ्ठा असे, महाराजांचा चेला ग्यानबा याच्या नावाचा. मी तो सोडून पाहत असे. पानांना गुंडाळलेला कागद मुंबईचा ताज्या तारखेचा असे, दोन दिवसांपूर्वीचा. आणि मी वर्तमानपत्राचा भुकेला! या आडरानात छापील अक्षर दिसले की माझा जीव त्यावर पडे. मी पाने बाजूला ठेवून आधी कागद वाचून काढी, तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यातल्या 'हवामान' या मथळ्यासकट. "कोंकण किनारा व लगतचा समुद्र. रत्नागिरी, खवळलेला. वेंगुर्लें, अति खवळलेला. मच्छीमारांनी होड्या समुद्रांत नेऊ नयेत."

कागद पुन्हा गुंडाळून मी गठ्ठा ग्यानबाच्या हाती देई. अशी वादळाची खबर असली की तासाभरात आरोळी उठे, "झारी पाझरली!"

मला सगळे कळले होते. निदान निम्मे तरी. खबर वर्तमानपत्राची, तोंड महाराजांचे. पाणी कसे चढते ते मात्र उमगत नव्हते. दोन महिने मी एकटाच मनात हसत होतो आणि कुणाला काही सांगत नव्हतो. चाललेय ते चालू दे, आपल्याला काय करायचे! हा माझा गुन्हा मी आधीच कबूल करून ठेवतो, कारण त्याची किंमत एका लेकराच्या जिवाएवढी होणार होती.

त्या दिवशी सकाळी मोटार आली. गठ्ठा आला. मी कागद वाचला. "अरबी समुद्रांतील वादळ किनाऱ्यापासून दूर गेले आहे. कोंकण किनाऱ्यावर हवा निवळत असून धोक्याचा बावटा उतरविण्यांत आला आहे." बरे झाले, मी म्हटले, आज महाराजांना सुट्टी. ग्यानबा अजून यायचा होता.

तेवढ्यात सिंधूबाई आली. धावतच आली. मुंजाजी मेंढक्याची ही बायको, वीस-एकवीस वर्षांची. त्यांची मेंढरं त्या आठवड्यात उकंडरावांच्या रानात बसवलेली होती. तिच्या छातीशी घोंगडीच्या तुकड्यात आठ महिन्यांची मिरा. मी घोंगडी जरा बाजूला केली आणि माझे हसू कुठल्या कुठे पळाले. लेकराच्या नाकपुड्या फुलत होत्या. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. ओठ निळसर.

"डबा झालाय मुन्शीजी," ती म्हणाली. "तीन रोज झाले. मोटार कवा जानार हाय? मला वाशीमला जायचंय, डाकतराकडं."

"अकराला. पण एकटी? मुंजाजी कुठाय?"

"त्यो न्हाई म्हनतो. सासू न्हाई म्हनती. म्हाराजानं सांगितलंय, दर्या शांत झाल्याबिगर नदी वलांडायची न्हाई. झारीचं तीर्थ पाजा, चौथ्या रोजी उतार पडंल. उद्या चौथा रोज हाय." तिने लेकराच्या छातीवर हात ठेवला. "उद्यापत्तर ऱ्हाईल का हो हे?"

 माझाच धाकटा भाऊ हिंगोलीला याच दुखण्याने, न्यूमोनियाने, गेला होता. तो असाच श्वास घेत होता, त्याच्या शेवटच्या दिवशी.

"बस मोटारीत," मी म्हटले. "तिकिटाचे मी बघतो."

पण मोटारीच्या पायरीवर पाय ठेवायच्या आत मुंजाजी आणि त्याची आई बनाबाई तिथे पोचली. मुंजाजी दांडगा, पण आईपुढे मान खाली घालणारा. बनाबाईने सुनेच्या दंडाला धरले. रागाने नव्हे, घाबरून.

"अगं, तुला कळना का? नदीत वादळ उतरनार हाय. तू बी जाशील अन लेकरू बी जाईल. माझी सोन्यावानी नात हाय ती, मला काय तिची काळजी न्हाई?"

"आभाळ तर बघा आत्याबाई, ढग न्हाई एक बी!"

"आभाळाला काय कळतंय? झारीला कळतंय."

आणि अगदी त्याच वेळी मंडपातून आरोळी आली. "झारी पाझरली! दर्या उठला हो!"

मी वळून नाक्याकडे पाहिले. गठ्ठा अजून माझ्या टेबलावर होता. म्हणजे महाराजांनी आजचा कागद पाहिलेला नव्हता. ते परवाच्याच वादळावर झारी चालवीत होते. सिंधूबाई मोटारीकडे निघाल्याचे त्यांना कुणीतरी कळवले असणार. लेकरू वाशीमला गेले आणि डॉक्टरच्या हातून बरे झाले, तर तीर्थाची काय पत राहिली असती? म्हणून दर्या उठला होता.

बनाबाई सुनेला ओढीतच मंडपाकडे निघाली. मी मोटारवाल्या हुसेनमियाँला म्हटले, "मियाँ, जरा थांबा."

"अकरा बजे के बाद नै रुकता मुन्शीजी. कोयले की गाडी है, भट्टी थंडी हुई तो फिर दो घंटे फुंकनी लगाव."

मी शिपायाला बजावले, मी येईपर्यंत नाक्याचा दांडा वर करायचा नाही. जकातीच्या कामासाठीच तो दांडा असतो, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी तो मी दुसऱ्या कामाला लावला. मग वर्तमानपत्र खिशात कोंबून पळालो.

मंडपात दोनशे माणसे तरी असतील. ओट्यावर झारी टप टप गळत होती आणि महाराज घुमत होते. "तीन रोज! तीन रोज कोणी शीव ओलांडू नका! दर्या नदीच्या वाटेने चालत येतोय!" समोर पाटील हात जोडून. सिंधूबाईला बायकांनी पुढे ढकलले होते.

मी ओरडलो, "महाराज, आज रत्नागिरीला समुद्र कसा आहे?"

घुमणे थांबले. एक डोळा किलकिला झाला. "अति खवळलेला!"

"आणि मालवणला?"

"अति खवळलेला! लाटा ताडमाड!"

"हे मुंबईचे वर्तमानपत्र," मी कागद उलगडला. "यात छापलेय, वादळ दूर गेले. बावटा उतरवला. होड्या पाण्यात गेल्या असतील एव्हाना. लोकहो, हे महाराज या कागदातले वाचून तुम्हाला सांगतात. आज कागद माझ्याकडे राहिला म्हणून यांचा समुद्र चुकला!"

मला वाटले, झाले. आता यांचे डोळे उघडतील. मी किती भोळा होतो पाहा. दोनशे माणसांत वाचता येणारी चार, आणि त्या चौघांनाही कागदापेक्षा समोर गळणारी झारी खरी.

उकंडराव पाटील उठले आणि त्यांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला. "कागद कुनी बी छापतंय, मुन्शी. झारीला कुनी छापलं काय? ते पानी कोन चढवून राहिलं, सांगा बरं!"

मला सांगता येईना. 

"न्हाई ना सांगता येत? मग गप ऱ्हावा. तुमचं काम जकातीचं, आमच्या देवाची जकात घेऊ नगा." लोक हसले. दोघांनी मला मागे लोटले. महाराजांचा आवाज चढला, "दर्याची निंदा! याच्या पापाने लेकराला त्रास होतोय! आणा, लेकरू इथे आणा, झारीच्या धारेखाली ठेवा!"

लांबून मोटारीचा भोंगा वाजला. एकदा, दोनदा. अकरा झाले होते.

"मला जाऊ द्या हो!" सिंधूबाई ओरडली. "मुंजाजी, तुमची बी लेक हाय ना? काहून गप उभे?" भर गर्दीत नवऱ्याचे नाव घेतले तिने. मुंजाजीने आईकडे पाहिले आणि मान खाली घातली. बनाबाईने सुनेच्या कवेतून मिराला घेतले आणि पुढे होऊन ओट्यावर, झारीच्या तोटीखाली, घोंगडीसकट ठेवले. तिचा एक हात लेकराच्या पाठीखालीच राहिला, वाळूवर टेकलेला. पहिला थेंब मिराच्या कपाळावर पडला. लेकरू दचकले, पण त्याला रडायलाही दम नव्हता.

बनाबाईने नमस्कारासाठी मान वाकवली. आणि तशीच वाकलेली राहिली.

मी तिच्याकडे बघत होतो म्हणून मला दिसले. तिने हात काढून पुन्हा वाळूवर ठेवला. मग जरा अलीकडे ठेवला, मग पलीकडे. मग मान आणखी खाली नेऊन वास घेतला.

"म्हाराज," ती म्हणाली, "वाळू ऊन काहून हाय?"

"तपाची ऊब हाय, माई. बारा वर्षांच्या तपाची."

"तपाला लेंडीचा वास येतो काय?"

कुणाला काही कळले नाही. मलाही नाही. पण ज्या बाईचा जन्म मेंढरांत गेला, थंडीत आईवेगळे कोकरू जगवायला जी लेंड्यांचा विस्तव राखेखाली दाबून त्यावर पोते अंथरते, त्याच विस्तवावर रातभर जिचे दूध कोमट राहते, तिला हा वास सांगावा लागत नाही. लेंडीच्या विस्तवाला धूर नसतो आणि तो दिवस दिवस विझत नाही. हे त्या दोनशे जणांत तिच्याइतके कुणाला ठाऊक होते?

तिने मिराला उचलून सुनेच्या कवेत दिले आणि वाळूत हात घातला.

"हात जळेल, माई! दर्याचा कोप होईल!" महाराज ओट्यावरून उठले.

"जळंलच की. इस्तू हाय खाली."

तिने वाळू दोन्ही हातांनी बाजूला सारली. खाली तांब्याचा पत्रा निघाला. पदराने धरून तिने आधी झारी कडेला सारली, मग तो उपसला, आणि त्याखाली ओट्याच्या पोटात एक खड्डा, खड्ड्यात राख, राखेखाली लालबुंद लेंड्या. मागच्या बाजूने हात आत जाईल एवढे भोक होते. पलीकडे ग्यानबा टोपली हातात घेऊन उकिडवा बसलेला होता. तो टोपली टाकून उभा राहिला.

"ह्या आमच्याच मेंढरांच्या लेंड्या," बनाबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तुळशीला म्हनून म्या आनून दिल्या. माझ्या हातानं."

 पण महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. क्षणात त्यांनी हात वर केले. "बडवानल! अरे मूर्खांनो, समुद्राच्या पोटात अग्नी असतो, पुराणात सांगितलेय! हा तोच बडवानल! दर्या त्याच्याशिवाय बोलत नाही!"

आणि खरे सांगतो, गर्दी पुन्हा हलली. "व्हय व्हय, बडवानल," कुणीतरी म्हणाले. दोन हात जोडले गेले. माणसाला आपण फसलो हे मानण्यापेक्षा आणखी एकदा फसणे सोपे जाते. तिकडे भोंगा सारखा वाजत होता.

आता मात्र माझ्या डोक्यात उजेड पडला. विस्तव खाली, लाखेने बंद झारी वर. मी ओट्यावर चढलो, पागोटे काढले, शेजारच्या घागरीत बुचकळले आणि ओले पागोटे झारीभोवती गुंडाळून ती उचलली. सगळ्यांसमोर उंच धरली.

"पाटील, इथे या. कान लावा."

उकंडराव नाइलाजाने आले. झारीचे गळणे थांबले. थोड्या वेळाने तोटीतून आवाज आला, गुडगुड, गुडगुड. पाणी माघारी चालले होते आणि बाहेरची हवा आत ओढली जात होती.

"दर्या शांत झाला काय हो, पाटील? आत्ता, माझ्या पागोट्याने?"

मी पागोटे सोडले आणि झारी पुन्हा विस्तवावर धरली.  महाराज म्हणत होते, "नाही चढणार, पापी हाताने नाही चढणार!" आणि माझ्या पापी हातात टप, टप, टप. चढले.

"ही अर्धी पाण्याने भरलेली आहे," मी म्हटले, "वरच्या अर्ध्यात हवा. लाखेमुळे हवेला बाहेर जायला वाट नाही. ऊब लागली की हवा फुगते, पाण्याला दाबते, आणि पाण्याला एकच वाट, ही तोटी. गार केली की हवा आकसते, पाणी खाली. समुद्र नाही, बडवानल नाही. वर्तमानपत्रात वादळ आले की लेंड्या घालायच्या—"

"मुन्शीजी!" बनाबाई कडाडली. "तुमी काय खेळ करून राहिले? मोटार चालली ना! ए मुंजा, उभा काय ऱ्हायला? उचल तिला!"

मुंजाजीने लेकरासकट बायकोला जवळजवळ उचललेच. गर्दी आपोआप बाजूला झाली. ती तिघे, मागून बनाबाई, भाजलेले हात पदरात धरून. मी झारी पाटलांच्या हातात दिली आणि त्यांच्यामागे धावलो. हुसेनमियाँ लालभडक झाला होता, पण त्याने मिराकडे एकदा पाहिले आणि माझ्यावर तोंड सोडायचे राहूनच गेले. दांडा वर गेला. मोटार नदीत उतरली. गुडघाभर पाणी तोडून पलीकडच्या काठावर चढली. आभाळ निळे होते.

मी परत आलो तेव्हा उकंडराव पाटील ओट्यावर बसून झारी विस्तवावर धरीत होते आणि ओल्या पागोट्यात गुंडाळीत होते. पुन्हा विस्तवावर. पुन्हा पागोट्यात. तिसऱ्या वेळी त्यांनी झारी खाली ठेवली. "मुन्शी," ते म्हणाले, "गेल्या साली मग पाऊस कसा पडला?"

"आला म्हणून पडला, पाटील. कार्तिकात एखादे वर्षी येतो. झारी सहादा पाझरली, तो एकदा आला. बाकीच्या पाच वेळा तुम्ही कापूस उगाच आत-बाहेर केला, हे आठवतेय का?"

त्यांना आठवत होते. 

महाराज आणि ग्यानबा कुठे गेले? नदीकडे. ज्या पाण्यात तीन रोज कुणी पाय घालायचा नव्हता, त्याच पाण्यातून धोतर वर धरून पळताना लोकांनी त्यांना पाहिले. दर्या काही आडवा आला नाही.

पुढचे तीन दिवस मी रोज सकाळी मोटारीची वाट पाहिली. पहिले दोन दिवस हुसेनमियाँ म्हणे, "वैसीच है." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बच्ची ने दूध पिया." मी आत जाऊन दार लावून घेतले आणि रडलो. मोठा माणूस, सरकारी नोकर, पण रडलो. दोन महिने मी हसलो होतो ना, ते फेडायला हवे होते.

नवव्या दिवशी चौघेही उतरली. मिरा आईच्या खांद्यावरून टकामका बघत होती. डॉक्टरने सल्फाच्या गोळ्या दिल्या होत्या. "एक रोज उशिरा आनली असती तर तशीच माघारी न्यावी लागली असती, म्हनला डाकतर," सिंधूबाईने सांगितले. बनाबाईच्या तळहातांवर पट्ट्या होत्या. ती माझ्या टेबलासमोर खाली बसली.

"मुन्शीजी, त्या कागदात समिंदराचं रोज लिव्हून येतंय?"

"रोज येते. वाऱ्याचे, लाटांचे. तिकडे यंत्रे घेऊन माणसे बसलेली असतात. तारा करतात, हिशेब मांडतात. चुकतातही कधी, पण चुकले तर दुसऱ्या दिवशी तसे छापतात."

"अन आपल्या कनेरगावचं?"

"आपले त्यात नसते, बनाबाई. ते किनाऱ्यावरच्या कोळ्यांसाठी असते. त्यांच्या होड्या, त्यांचे जीव."

तिने पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवले. "म्हंजी कोळ्यांचं खरं होतं, ते चोरून आमाला खोटं करून विकलं."

याहून नेमके मला अजूनही सांगता येत नाही.

त्या दिवसापासून मी नाक्याच्या ओसरीवर कागद मोठ्याने वाचू लागलो. हवामानही वाचतो, लोकांना आता त्याची गोडी लागली आहे. वेंगुर्ल्याला समुद्र शांत आहे म्हटले की मेंढके सुद्धा 'बरं झालं' म्हणतात. भले होवो त्या कोळ्यांचे. झारी मात्र मी टेबलावर ठेवली आहे. येईल त्याला चहाच्या गरम किटलीला टेकवून गाळून दाखवतो, गार पाण्यात बुडवून गुडगुडून दाखवतो. कुणाला काही विचारायचे असेल तर विचारू देतो.

वाचणाऱ्या मायबापांनो, आणखी झाऱ्या येतील. कुणी समुद्र आणील, कुणी पाताळ, कुणी आकाश. तुम्हाला विज्ञानाची बुके पाठ पाहिजेत असे नाही, मलाही सगळे येत नव्हते. मुन्शीच्या कागदाने जे झाले नाही, ते अक्षरशत्रू म्हातारीच्या हाताने झाले. तिचे महाराजांवर माझ्यापेक्षा शंभरपट मन होते. पण वाळू ऊन लागली तेव्हा तिने ते झाकून ठेवले नाही, विचारले. तेवढेच करा. जिथे नमस्कार कराल, तिथे मान वाकवण्याआधी वाळूत हात घालून पाहा.

भाजला तर चार दिवसांत बरा होतो. बनाबाईचा झाला.